ग्लेनिसनं उघडलं नाही

नेव्हिल ट्रेम्बाथनं एकतीस वर्षं पोर्ट पेनरोचं पोस्ट सांभाळलं आणि त्या एकतीस वर्षांत दुसऱ्याचं एकही पोस्टकार्ड वाचलं नाही. हे तो स्वतःच सांगायचा, आणि आश्चर्य म्हणजे गावाला ते खरं वाटायचं. कार्ड हातात आलं की पत्ता वर, मजकूर खाली. चुकून उलटं पडलंच तर तो डोळे मिटून ते सरळ करायचा. एकदा असं सरळ करताना त्याचा हात शिक्क्याच्या गादीवर पडला आणि पुढचे दोन दिवस तो जांभळा पंजा घेऊन गावभर हिंडला. पण मावशीनं भाच्याला काय लिहिलंय ते त्याला कळलं नाही ते नाहीच.

अशा माणसासमोर गावच्या कौन्सिलनं कॉम्प्युटरवर एक खिडकी उघडून ठेवली आणि त्याला सांगितलं, बघ आता.

झालं असं, की निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले म्हणून नेव्हिल गावासाठी एक वार्तापत्र काढू लागला. नाव 'धक्क्यावरून'. दर गुरुवारी सकाळी आठच्या ठोक्याला ते ईमेलनं दोनशे बारा जणांकडे जायचं. भरती-ओहोटीच्या वेळा, खेकडे कुठे लागतायत, कुणाचं मांजर हरवलं, कुणाला मांजर सापडलं (आणि या दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण असतं हे कुणाच्याच लक्षात कसं येत नाही), आणि अगदी तळाला डॅरल नोस्केची जाहिरात: 'सेप्टिक टँक तुमचा, काळजी आमची.' हे सगळं नेव्हिल लिहायचा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे गावच्या जुन्या वाचनालयाच्या, सभागृहाला लागून असलेल्या खोलीत. ती खोली म्हणजे जुनं पोस्ट. लाकडी काउंटर तसाच, पितळी जाळी तशीच. त्या जाळीमागं बसलं की आपण अजून कुणीतरी आहोत असं त्याला वाटायचं. घरी जेवणाच्या टेबलाशी बसून तसं वाटत नाही. तिथं आपण फक्त मीठ सरकवणारे असतो.

फेब्रुवारीत कौन्सिलची टेगन आली. वय सत्तावीस, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही कुठेतरी सही करायची आहे असं वाटावं.

"मिस्टर ट्रेम्बाथ, यापुढे तुमचं पत्र आमच्या यंत्रणेतून जाईल. कुणी उघडलं, किती वाजता उघडलं, कशावर बोट ठेवलं, सगळं दिसतं. नावापुढे हिरवं आलं म्हणजे उघडलं. करडं म्हणजे नाही उघडलं."

"कुणाला दिसतं?"

"तुम्हाला."

"मला नको."

"तुम्हाला नको असेल हो, पण फॉर्मला हवं असतं."

पहिले सहा महिने नेव्हिलनं तो रिपोर्ट पोस्टकार्डासारखाच पालथा ठेवला. मग जुलैअखेर पत्र आलं. कौन्सिलनं स्वतःच उघडून पाहिलं होतं. दोनशे बारांपैकी जेमतेम अडतीस टक्के लोक 'धक्क्यावरून' उघडतात. ऑगस्ट संपेपर्यंत हे प्रमाण पन्नासच्या वर गेलं नाही तर वार्तापत्र कौन्सिलच्या मासिक परिपत्रकात 'सामावून घेण्यात येईल' आणि खोली 'मोकळी करण्यात येईल'. नेव्हिलनं सरकारी पत्रं आयुष्यभर वाटली होती. 'सामावून घेणं' म्हणजे काय, हे त्याला नीट कळत होतं.

तेव्हा त्यानं चष्मा पुसला, जाळीच्या बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांच्या टपालात डोकावला.

यादी आडनावांप्रमाणे होती. तो 'ट' पर्यंत आला. ट्रेम्बाथ, नेव्हिल: हिरवं. हे ठीक होतं. आपलं पत्र तो स्वतः दर गुरुवारी आठ वाजून एक मिनिटानं उघडायचा, व्यवस्थित पोचलं का ते बघायला. त्याच्या वर, ट्रेम्बाथ, ग्लेनिस: करडं. पत्रं सव्वीस. उघडली शून्य.

त्यानं खिडकी बंद करून पुन्हा उघडली. शून्य तिथंच होतं.

अडतीस वर्षांच्या संसारात माणूस पुष्कळ गोष्टी गृहीत धरतो. बायकोला आपला आवाज आवडत नाही, आपले विनोद पाठ झालेत, आपण चहा ढवळताना चमचा वाजवतो ते तिला डोक्यात जातं, हे सगळं धरून चालायचं असतं. पण आपण लिहिलेलं ती वाचते, एवढी एक गोष्ट त्यानं कधी तपासलीच नव्हती.

संध्याकाळी जेवताना त्यानं अगदी सहज विचारलं, "या आठवड्यात 'धक्क्यावरून'मध्ये काय बरं होतं?" इतकं सहज, की ग्लेनिसनं काटा खाली ठेवला.

"तूच लिहितोस ना रे?"

"विसरलो."

"हॉकिंगच्या कुत्र्यानं धक्क्यावरून उडी मारली. ओहोटीची वेळ तासाभरानं चुकलीय. आणि मासेमारीला तू माशीमारी लिहिलंयस. झालं? बटाटे घे."

एकूण एक बरोबर. उघडलं नाही, पण आत काय आहे ते माहीत आहे! पोस्टात असा प्रकार झाला असता तर वरून तपासनीस आला असता.

पुढच्या गुरुवारी त्यानं सापळा लावला. पत्राच्या मध्यावर एक साफ खोटी बातमी घुसडली: धक्क्यावरच्या म्हाताऱ्या पेलिकननं बंदर खात्याच्या पाटीवर अंडं घातलं. दिवसभर रिपोर्टकडे डोळे लावून बसला. ग्लेनिस, करडं. संध्याकाळी दारातून आत पाऊल टाकतो तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "ते पेलिकनचं काढून टाक हं. तो नर आहे."

त्या दिवसापासून नेव्हिलला कुणाचाच भरवसा वाटेना. रिपोर्टला एकदा डोळे सरावले की माणूस थांबत नाही. खाटीक उघडतो आणि दोन सेकंदांत बंद करतो. पाद्रीबुवा फक्त खेकड्यांवर बोट ठेवतात. एक गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले, पण अजून नियमित उघडतात. (ती त्यांची मुलगी होती. ते कळेपर्यंत नेव्हिल दोन दिवस दफनभूमीच्या रस्त्यानं गेला नाही.) आणि या सगळ्यांवर कडी करणारा एक पत्ता: सीपीके१९४८. नाव नाही, गाव नाही. या पत्त्यावरून दर गुरुवारी सकाळी 'धक्क्यावरून' साठ-साठ वेळा उघडलं जायचं. गेल्या गुरुवारी एकसष्ट. आणि त्यात सतरा वेळा डॅरलच्या सेप्टिक टँकच्या जाहिरातीवर बोट.

"हेर आहे," शेजारचा केल्व्हिन हॉकिंग म्हणाला. केल्व्हिन म्हणजे मघाच्या त्या कुत्र्याचा मालक. त्याचा पुतण्या ॲडलेडला कॉम्प्युटरच्या दुकानात आहे, त्यामुळे पोर्ट पेनरोत कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की आधी केल्व्हिन येतो आणि मग तो पूर्ण बिघडतो. "एकसष्ट वेळा कोण वाचतं रे? तुझी बायकोसुद्धा एकदा वाचत नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"आत्ता तूच सांगितलंस तोंडानं. हे बघ नेव, पुतण्या म्हणतो, यादी साफ करायची. तीन महिने ज्यांनी उघडलं नाही, ती नावं छाटायची. शंभरातले चाळीस उघडतात ना? मग साठ जणांना हाकल. उरले चाळीस. चाळीसातले चाळीस उघडतात. झाले शंभर टक्के! कौन्सिल तुझा पुतळा उभारेल."

"म्हणजे वाचणारे तेवढेच राहणार?"

"वाचणारे तेवढेच. पण टक्के बघ की लेका!"

नेव्हिल विचारात पडला आणि विचाराच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझं बरं आहे. तू तर परवा पहाटे चार दहाला उठून मागचा अंक काढून वाचलास. तीनदा."

केल्व्हिन थबकला. पहाटे चार दहाला आपण खोल समुद्रात खेकड्यांचे पिंजरे ओढत होतो, असं त्यानं गावाला आणि मुख्य म्हणजे बायकोला सांगितलं होतं. तो खरं तर किनाऱ्यावर गाडीत हीटर लावून बसला होता. खेकडे त्यानं नंतर दुसऱ्याकडून घेतले.

"तुला कसं कळलं?" तो अगदी हळू म्हणाला.

दुपारपर्यंत ही गोष्ट बेकरीत पोचली, आणि बेकरीत पोचली म्हणजे पुढे काही पोचवावं लागत नाही. नेव्हिल पाव आणायला गेला तर रांग गप्प झाली. खाटकानं तराजूवर फडकं टाकलं. का टाकलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. चोवीस वर्षं ज्याच्याशी रोज हवापाण्याच्या गप्पा, तो फेरो दुकानाबाहेर त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "नेव, एक विचारू? मी आंघोळीच्या टबात बसून उघडलं होतं. ते दिसतं का रे?"

"फक्त वेळ दिसते."

"म्हणजे टब दिसत नाही?"

"टब दिसत नाही."

"शपथ घे."

ज्यानं एकतीस वर्षं पोस्टकार्डं पालथी ठेवली, त्याला टबावरून शपथ घ्यायला लागली. नेव्हिलला हे फार लागलं. गाव आपल्यावर संशय घेतं, आपण बायकोवर घेतो, आणि तो सीपीके कुठेतरी बसून दोघांनाही हसतो आहे. घरी आल्यावर ग्लेनिसनं विचारलं, "काय रे, गावात काय ऐकतेय मी?" तर तो म्हणाला, "तुला सगळं ऐकूच येतं. वाचायची गरज काय?" ती म्हणाली, "सूप निवतंय."

बुधवारी दुपारी त्यानं यादी उघडली आणि नावांवर खुणा करत सुटला. ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. 'ट' आला. बोट थांबलं. समोर अडतीस वर्षं होती आणि एक करडा ठिपका. त्याला वाटलं, सोडावं. मग वाटलं, एकाला सोडलं तर नियम कसला? पोस्टमास्तरच्या बायकोलासुद्धा तिकीट लावावं लागतं. पंचाण्णव. यंत्रणेनं विचारलं, "नक्की?" त्यानं 'हो' दाबलं.

आकडे हलले आणि एकाहत्तर टक्क्यांवर थांबले. जाळीमागं तो एकटाच उभा राहिला आणि स्वतःशीच जरा वाकला.

आता त्या 'नक्की?'च्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. सरकारी कागदावर बारीक अक्षर कुठे असतं हे नेव्हिलला जगात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक. पण त्या दिवशी त्याला फक्त एकाहत्तर दिसत होते.

गुरुवारी सकाळी नऊला डॅरल नोस्के खोलीत आला. डॅरलचा देह दारापेक्षा मोठा, आणि तो दारात उभा असला की वारासुद्धा त्याला विचारून आत येतो.

"ते एकसष्टवालं प्रकरण काय आहे म्हणे? माझ्या जाहिरातीवर सतरा वेळा? दाखव बरं पत्ता."

आठ दिवसांपूर्वी नेव्हिलनं पत्ता दाखवला नसता. आता त्यानं खिडकीच त्याच्याकडे फिरवली.

"सीपीके?" डॅरल म्हणाला. "अरे, हा तर चॅपलचा पत्ता! चॅपल पेस्टी किचन. दर आठवड्याला मी यावर सहा पेस्ट्या सांगतो. आईशप्पथ, सतरा वेळा! नेव, त्या बायकांचा टँक तुंबलाय आणि लाजेनं सांगत नाहीयेत!"

आणि तो निघालासुद्धा. नेव्हिलच्या डोक्यात मात्र टँक नव्हता. चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, स्वयंपाकघरात गुरुवारी सकाळी बायका विकायला पेस्ट्या करतात. गुरुवारी सकाळी ग्लेनिस तिथंच असते. आणि तिथंच कुणीतरी एकसष्ट वेळा... त्यानं खोलीला कुलूप घातलं आणि माजी पोस्टमास्तर, इन्स्टिट्यूटचे विश्वस्त, सेप्टिक टँकच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून गावाच्या मुख्य रस्त्यानं गेले. बेकरीतल्या रांगेनं ते पाहिलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून नेव्हिल आत डोकावला आणि तिथंच थांबला.

लांबच लांब टेबल. दोन्ही बाजूंना चौदा बायका, कोपरापर्यंत पिठात. कुणी बटाटा-कांदा-मांस भरतंय, कुणी कडेला करंजीसारखी मुरड घालतंय. शेवटची बाई प्रत्येक पेस्टीच्या कोपऱ्यावर कणकेच्या बारीक दोरीनं गिऱ्हाईकाची आद्याक्षरं चिकटवते, कुणाची पेस्टी कुणाकडे जाऊ नये म्हणून. आज तिथं ग्लेनिस होती. एरवीही तिथं तीच असायची. आणि टेबलाच्या टोकाला, पिठाच्या पिंपावर ठेवलेल्या जुन्या, बोटानं चालणाऱ्या कॉम्प्युटरसमोर उंच स्टुलावर आयरिस पास्को. वय चौऱ्याऐंशी. संधिवातानं बोटं वळत नाहीत म्हणून मुरड घालता येत नाही. म्हणून ती वाचते. मोठ्यानं. 'धक्क्यावरून'. पहिल्या शब्दापासून.

"'फेरो यांचं करडं मांजर सापडलं असून ते हॉकिंग यांच्याकडे होतं,'" आयरिसनं वाचलं.

"होतंच," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात पडदा काळा झाला. तो जुना कॉम्प्युटर दर मिनिटाला झोपायचा. हात पिठाचे, म्हणून जवळच्या बाईनं त्याला कोपरानं ढोसलं. पत्र पुन्हा उघडलं. कोपर लागलं ते नेमकं तळाला, डॅरलच्या जाहिरातीवर. आयरिसनं हनुवटीनं मागं नेलं आणि वाचन पुढे चालू.

एकसष्ट वेळा. चौदा करडी नावं टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभी राहून त्याचा शब्दन् शब्द ऐकत होती, आणि काल दुपारी त्यानं त्या चौदांना छाटलं होतं.

"थांबा," आयरिस म्हणाली, "आज आणखी एक पत्र आहे. ग्लेनिस, तुझ्या फोनवर आलंय ते आण इकडे. सगळ्यांना आलंय, पण तुझं वाचू या."

त्या बारीक अक्षरातल्या ओळीचा अर्थ नेव्हिलला आत्ता कळला.

"'प्रिय ग्लेनिस,'" आयरिसनं सुरुवात केली, "'तू आम्हाला सोडून जायचं ठरवलंस याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. कृपया कारण सांग. एक: तुमची पत्रं फार वारंवार येतात. दोन: मजकुरात मला आता रस उरलेला नाही. तीन: मी याला कधी संमती दिल्याचं मला आठवत नाही. आपला, नेव्हिल ट्रेम्बाथ.'"

हसण्यानं अख्खं स्वयंपाकघर फुटलं.

"एक नको गं. वारंवार कसलं? आठवड्यातून एकदाच तर!"

"या वयात आठवड्यातून एकदा म्हणजे काही कमी नाही हो."

"तीन घे, ग्लेनिस! तीन! संमती कुठे दिली होतीस? तुझ्या बापानं दिली होती!"

ग्लेनिस मात्र हसली नाही. ती कणकेची दोरी वळत म्हणाली, "चौथं कारण हवं होतं. 'मी सोडलंच नव्हतं.'"

याच क्षणी मागून डॅरल आत घुसला आणि त्याच्या धक्क्यानं नेव्हिलही आत आला. "बायांनो, लाजू नका," डॅरल गरजला. "सतरा वेळा बोलावलंत, आलोय. टँकचं झाकण कुठाय?"

"बोलावलं कुणी तुला?" आयरिस म्हणाली. पण तो गेलाच अंगणात. थोड्या वेळानं झाकणाचा आवाज आला, मग वास आला, मग डॅरल. "काठोकाठ," तो गंभीरपणे म्हणाला. "आणखी दोन गुरुवार गेले असते ना, तर तुमच्या पेस्ट्या कुणी तोंडात घातल्या नसत्या." कोपरानं दिलेली हाक खरी निघाली होती.

त्या वासातच टेगन आली, ऑफिससाठी अकरा पेस्ट्या न्यायला. नाकाला रुमाल लावून तिनं नेव्हिलला ओळखलं. "मिस्टर ट्रेम्बाथ! एकाहत्तर टक्के! अभिनंदन!"

सगळ्यांनी नेव्हिलकडे पाहिलं. त्याला दिसत होतं, खोली वाचली होती. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा एकतीस वर्षांचा हात बसला होता.

"खोटे आहेत ते," तो म्हणाला. "ज्या ऐकतात त्यांनाच मी छाटलं. टेगन, या सगळ्यांना परत घे."

"मला नाही घेता येणार. त्यांना पत्र जाईल. ते त्यांनी स्वतः उघडून 'मला राहायचं आहे' असं दाबायला हवं."

"त्या उघडत नाहीत! हात पिठात असतात!"

"मग अवघड आहे. फॉर्मवर 'उघडलं' आणि 'उघडलं नाही' एवढेच दोन रकाने आहेत. 'ऐकलं' असा रकाना नाही."

"रकाना नाही, तर ओढ ना गं एक," आयरिस म्हणाली. "आहे का फॉर्म तुझ्याजवळ? पट्टी नसेल तर हे घे." आणि तिनं लाटणं पुढे केलं.

आता, टेगन रविवारच्या शाळेत आयरिसच्या हाताखालून गेली होती. नेव्हिलही गेला होता. अर्ध्या तालुक्याला आयरिसनं उभं राहायला शिकवलेलं. टेगननं ओळखपत्र मागे टाकलं, फॉर्म टेबलावर पसरला, लाटणं धरलं आणि एक रेघ ओढली. रेघ जरा वाकडी आली. वर तिनं लिहिलं, 'ऐकलं'. खाली चौदा पिठाळ अंगठे उमटले.

"मी नेते," ती म्हणाली. "पण वचन देत नाही हं."

त्या दुपारी नेव्हिल घरी आला तेव्हा ताटात नेहमीसारखी गुरुवारची पेस्टी होती. ग्लेनिस समोर बसली होती. त्यानं नेहमीप्रमाणे कोपऱ्याचा लचका तोडायला तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, थांबला. पेस्टी फिरवून पाहिली. कोपरा कोरा होता.

"यावर माझी अक्षरं नाहीत?"

"तू यादीत नाहीस."

"म्हणजे?"

"अडतीस वर्षं दर गुरुवारी मी कोपऱ्यावर काहीतरी लिहिते, नेव. तुझी आद्याक्षरं असतात असं तुला वाटतं का? ती सुरुवातीची दोनेक वर्षं होती. तुझी आई गेली तेव्हा वेगळं होतं. तू पोस्टातून निवृत्त झालास त्या दिवशी वेगळं. भांडणाच्या आठवड्यात तर फारच वेगळं. आणि तू पहिला घास घेतोस तो नेमका त्या कोपऱ्याचा. न बघता."

"निवृत्तीच्या दिवशी काय होतं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या पोटात आहे ते. मी रिपोर्ट ठेवला नाही." ती उठली. "पण हिशेब सोपा आहे. पाठवली एकोणीसशेच्या वर. उघडली शून्य. तुझाच नियम लावला."

"मग परत यायला काय करायचं?"

"ज्याला राहायचं असेल त्यानं स्वतः कळवायचं असतं ना? कळव."

नेव्हिल दोन दिवस विचार करत होता. ईमेल करायचं धाडस त्याला झालं नाही. ते तिनं उघडलं का हे त्याला दिसलं असतं, आणि ते त्याला आता बघायचं नव्हतं. शनिवारी त्यानं जाळीमागं बसून शाईच्या पेनानं पत्र लिहिलं. पाकीट चिकटवलं, वर स्वतःच्याच घराचा पत्ता घातला, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं. ते पत्र घरापासून दोनशे पावलांवर पडलं, तिथून ॲडलेडला गेलं, तिथं शिक्का खाऊन चार दिवसांनी दोनशे पावलं चालून परत आलं. बुधवारी ते स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याला टेकून उभं होतं, पत्त्याची बाजू पुढे.

मागची बाजू दिसत नव्हती. पाकीट फोडलंय की नाही, कळत नव्हतं. एक बोट लावलं असतं तर ते फिरलं असतं. ग्लेनिस बाहेर कपडे वाळत घालत होती. नेव्हिल फळीसमोर उभा राहिला. मग त्यानं चहाचा डबा घ्यायचा म्हणून हात पुढे केला, डोळे मिटले, डबा घेतला आणि चहा केला. चहाऐवजी कोको पडला होता, पण तो प्यायला.

गुरुवारी कौन्सिलचं पत्र आलं. 'धक्क्यावरून' आणखी सहा महिने चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र 'ऐकलं' या रकान्याखाली दर आठवड्याला ऐकणाऱ्यांचे अंगठे आवश्यक, आणि अंगठे शक्यतो तूप न लागलेले. खोली राहिली. ही बातमी सांगायला तो जवळजवळ धावत घरी आला, पण ग्लेनिसला ती आधीच ठाऊक होती. कौन्सिलनं चॅपललाही प्रत पाठवली होती, ती आयरिसनं वाचून दाखवली होती.

ताटात पेस्टी होती.

नेव्हिल बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ताट हळूच फिरवलं, कोपरा आपल्याकडे आणला आणि मान खाली घालून वाचलं. कणकेची अक्षरं भाजून जरा फुगली होती, एक थोडं तिरकं झालं होतं, पण लागत होतं. त्यानं दोनदा वाचलं. मग पेस्टी उलटी धरून दुसऱ्या टोकानं खायला सुरुवात केली, सावकाश, बटाटा सांडू न देता. शेवटी उरला तेवढा कोपरा त्यानं बशीच्या कडेला बराच वेळ ठेवला होता.

खिडकीतून केल्व्हिननं डोकावून विचारलं, "काय रे नेव, काय लिहिलंय?"

नेव्हिलनं कोपरा पालथा ठेवला. तो एकतीस वर्षं पोस्टात होता.